चार बोटं उरलेली राणी

१

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास इंग्लंडची राणी आपल्याच चोळीत मावेना.

इंग्लंड म्हणजे विस्कॉन्सिनमधलं केटल प्रेअरी. राणी म्हणजे बर्नडीन कुलास, एरवी दातांच्या दवाखान्यात बसून फोन घेणारी. पण उन्हाळ्यातले आठ शनिवार-रविवार गावाबाहेरच्या माळावर जुन्या काळाची जत्रा भरायची, तलवारी खणखणायच्या, टर्कीच्या तंगड्या भाजल्या जायच्या, आणि बर्नडीन चारशे वर्षं मागे जाऊन गादीवर बसायची. सतरा वर्षं गादी तिची, आणि सतरा वर्षं तिचे कपडे आर्डिथ ब्रेकेच्या तळघरातल्या शिवणखोलीत शिवले जात.

"श्वास सोड," आर्डिथ म्हणाली.

"सोडला."

"अजून सोड."

"अजून सोडला तर दुसरी राणी शोधावी लागेल तुला."

चोळी लाल मखमलीची, पुढून नाडीनं आवळायची. आर्डिथनं नाडी ओढली, गुडघा टेकून ओढली, शेवटी शिवणयंत्राच्या पायाला टाच लावून ओढली. दोन काठांमध्ये चार बोटांची फट राहिली ती राहिलीच. खाली मात्र बर्नडीननं गेल्या वर्षीचाच आतला घागरा घातला होता आणि तो त्याच झिजलेल्या आकड्यावर आरामात बसला होता.

जिन्याच्या पायरीवर टॅम्सिन ओकरलुंड मापांची पत्रकं घेऊन बसली होती. वेशभूषेची ही नवी प्रमुख, चौतिशीची, जानेवारीत आलेली.

"बर्नडीन, तुमचं वजन वाढलंय का?"

"माझं? छे." बर्नडीन भिंतीवरच्या सुताच्या रिळांकडे बघत म्हणाली. "आर्डिथचंच माप चुकलं असेल. एप्रिलमध्ये मोतीबिंदू काढलाय ना तिचा."

आर्डिथनं चोळी सोडवून कोपऱ्यातल्या पुतळ्यावर चढवली. मार्चमध्ये बर्नडीनला जुना टी-शर्ट घालायला लावून, तिच्या अंगाभोवती मानेपासून मांड्यांपर्यंत चंदेरी चिकटपट्टी गुंडाळून, ती कात पाठीवरून चिरून, सोलून, आत उशांचा कापूस भरून केलेला हा पुतळा. जत्रेसाठी घरी शिवणारे सगळे असंच करतात. पुतळा एकदा झाला की माणसाला हात लावायची गरज नाही. पुतळा जांभई देत नाही, फोन घेत नाही.

पुतळ्यावर चोळी अशी बसली की फटीत कागद जाऊ नये.

"असू दे, आर्डिथ," टॅम्सिन म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं केलंत, खूप केलंत. शुक्रवारी कपड्यांची तपासणी आहे, तेव्हा बघू कसं सावरायचं ते. पुढच्या वर्षी दरबारातल्या चौदाही जणींचे कपडे मी कारखान्यातून मागवेन. तुम्हालाही जरा विश्रांती."

तिच्या आवाजात खरोखरच माया होती. आर्डिथला भीती वाटली ती त्या मायेची. तिची आई एकोणसत्तराव्या वर्षी कॉफीत मीठ घालायला लागली, तेव्हा सगळं गाव तिच्याशी याच आवाजात बोलायचं. आर्डिथला मे महिन्यात एकोणसत्तरावं लागलं होतं.

त्या दिवशी दुपारी तिनं स्वतःची कॉफी आधी चमच्यानं चाखून पाहिली. मग ऑरिन स्कारला फोन लावला.

२

ऑरिन तीस वर्षं जिल्ह्याचा कॉरोनर होता. कुणी अवेळी मेलं की ते कशानं मेलं हे सांगायचं त्याचं काम. गावात म्हणत, त्यानं बाराशे मढी तपासली आणि एकाचीही तक्रार आली नाही. निवृत्तीनंतर तो जत्रेतल्या पुरुषांच्या घट्ट विजारी शिवायचा आणि त्या काळचे पुरुष विजारीपुढे लावत त्या फुगीर पिशव्याही. पिशवीचं माप विचारलं की माणूस खोटं बोलतो, त्यामुळे मी विचारतच नाही, असं तो सांगायचा.

बुधवारी सकाळी तो रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा डबा घेऊन आला. अर्ध्या वड्या त्यानं वाटेतच संपवल्या होत्या.

"मढं कुठंय?"

"चोळी आहे ऑरिन, मढं नाही."

"ज्याच्यावरून भांडण, ते माझं मढं."

चोळी उलटी करून तो खिडकीशी गेला आणि भिंग लावून प्रत्येक शिवण इंच इंच पाहू लागला. पाऊण तास गेला. वड्या संपल्या.

"मखमलीत एकदा सुई गेली की भोक राहतं," तो म्हणाला. "शिवण उसवून आत घेतली असती तर जुन्या टाक्यांची रांग बाहेर दिसली असती. इथं एकही रिकामं भोक नाही. तू शिवलीस तशीच आहे ही. चोळी निर्दोष."

"म्हणजे मीच चुकले."

"घाई नको. राणीचा आतला घागरा कुठल्या आकड्यावर बसला?"

"गेल्या वर्षीच्याच."

"म्हणजे गेल्या वर्षापासून बाई वाढली नाही, आणि मार्चमधला पुतळाही तेवढाच असायला हवा. त्याच पुतळ्यावर ही शिवलीस. चोळी जशीच्या तशी, बाई जशीच्या तशी, आणि मध्ये चार बोटं. तिघांत एक जण खोटं बोलतंय, आर्डिथ. दोघं सुटले."

दोघांनी कोपऱ्याकडे पाहिलं. पुतळा चंदेरी चमकत होता आणि त्याला डोकं नसल्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

३

"हा तो नव्हेच," ऑरिन म्हणाला. "कुणीतरी बदललाय. तुला कळलं कसं नाही?"

आर्डिथ विचार करत बसली. एप्रिलमध्ये डोळ्यांसाठी ती तीन दिवस मॅडिसनला मुलीकडे होती. परत आली तर सगळं जगच निराळं दिसत होतं. भिंत पिवळी वाटायची ती पांढरी निघाली, मांजर करडं वाटायचं ते निळसर निघालं. पुतळाही जरा वेगळा, जास्त चकचकीत वाटला होता. डोळे नवे आहेत म्हणून तिनं सोडून दिलं. त्याच पुतळ्यावरून माप घेऊन तिनं टॅम्सिनचं पत्रक भरलं आणि त्याच पुतळ्यावर मखमल कापली.

"आणि अंगावर घालून बघायला बर्नडीनला दोनदा बोलावलं होतं. एकदा दवाखान्यात गर्दी, एकदा बहीण आलेली. मी म्हटलं, पुतळा आहे ना."

"त्या तीन दिवसांत इथं कोण आलं?"

"किल्ली कुंडीखाली असते, सगळ्यांना माहितीय. टॅम्सिन कपडे टांगायची दांडी न्यायला आली. पाकू गळपट्ट्या ठेवायला. बर्नडीन मांजराला खायला घालायला."

पाकू वांग गावच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या आजीनं लाओसमधून येताना सोबत एकच गोष्ट आणली होती, ती म्हणजे सुईचा हात, आणि तो तिच्यात पुरेपूर उतरला होता. जत्रेत ती राणीची सखी, आणि राणी आजारी पडली तर बदली राणी. दुपारी बोलावल्यावर ती आली, खुर्ची ओढून बसली आणि हाताची घडी घालून म्हणाली, "यादीत माझं नाव पहिलं असेल ना?"

"दुसरं," ऑरिन म्हणाला. "पहिलं मांजराचं."

"राणीचे कपडे राणीला येईनात आणि मला आले तर गादी मला. वर्गात असं गणित घातलं तर पोरं चुटकीसरशी सोडवतील. पण काका, त्या गादीत आहे काय? आठ तास चौदा किलो अंगावर घेऊन बसायचं, तंगडी खायची नाही, आणि लघवीला जायचं तर तीन बायका लागतात घागरा धरायला. त्या तिघींतली एक मी आहे. मला सगळं ठाऊक आहे."

"मग घालून दाखव."

पाकूनं खांदे उडवले आणि चोळी चढवली. आर्डिथनं नाडी ओवली, ओढली. चार बोटांची फट तीन झाली, दोन झाली, आणि मखमलीचे दोन्ही काठ एकमेकांना येऊन भिडले.

पाकूच्या ओठांवरचं हसू गेलं. "मी नाही हे केलेलं," ती हळूच म्हणाली.

४

"हलू नको," ऑरिन म्हणाला आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली. "आर्डिथ, कंबर बघ."

चोळीची कंबर पाकूच्या कंबरेच्या दोन इंच वर बसली होती. पाकू उंच, धडाला लांब. आणि डाव्या खांद्यावर मखमल रिकामी उभी राहिली होती, जणू तिथं अजून थोडा खांदा यायचा बाकी होता.

"हिचे खांदे फळीसारखे सरळ आहेत," ऑरिन म्हणाला. "जिच्यासाठी चोळी कापली तिचा डावा खांदा बोटभर उंच. धड आखूड, घेर बारीक. पाकू, तू सुटलीस."

"घेर जुळला म्हणून फाशीच देणार होतात," पाकू नाडी सोडवत पुटपुटली.

आर्डिथ शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर बसली. डावा खांदा बोटभर उंच कुणाचा, हे तिला पाठ होतं. पंचवीस वर्षं फोन कान आणि खांद्यामध्ये धरून दोन्ही हातांनी भेटीच्या वेळा लिहिणाऱ्या बाईचा.

"ऑरिन, हा बर्नडीनचाच पुतळा आहे. धडाची लांबी तिची, खांदा तिचा. कुणी बदललेला नाही. मीच मार्चमध्ये पट्टी जास्त आवळली असेन, किंवा कापूस कमी भरला असेन. काय केलं ते मला आठवतच नसेल."

शेवटचं वाक्य तिनं अगदी सरळ आवाजात म्हटलं. पाकूनं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच चोळीची घडी घालायला घेतली. ऑरिननं भिंग पुसायला घेतलं, आणि तो भिंग पुसू लागला म्हणजे प्रकरण अवघड आहे हे जिल्ह्यातल्या प्रत्येक विधवेला माहीत होतं.

५

गुरुवारी सकाळी दोघं जत्रेच्या माळावर टॅम्सिनच्या तंबूत गेले. डास मुबलक होते. टॅम्सिननं त्यांना लाकडी पेटाऱ्यावर बसवलं.

"मला वाटलंच तुम्ही येणार. मी पुतळा बदलला, असं ना? कशाला बदलू? मला आर्डिथचे कपडे नको असते तर मी मागवलेच नसते. एका सहीचं काम. तीस किलोमीटरवरून येऊन चोरी कशाला करू?"

"रास्त आहे," ऑरिन म्हणाला. "तुम्हाला त्यांचं माप चुकलंय असं का वाटलं? एका चोळीवरून?"

टॅम्सिन जरा अवघडली. "सांगणार नव्हते. बर्नडीनचं एप्रिलचं पत्रक आलं तेव्हा मी जुन्या पत्रकांशी ताडून पाहिलं. सोळा वर्षांपूर्वीचं एक सापडलं. कंबर सव्वाएकतीस, छाती, पाठ, सगळे आकडे पाव इंचापर्यंत तेच. मला वाटलं, यांना दिसेनासं झालंय, म्हणून जुनं पत्रक उतरवून दिलं. म्हणून तर मंगळवारी बघायला आले होते."

"मी उतरवलं नाही," आर्डिथ म्हणाली. "मी पुतळ्याला फीत लावून एक एक आकडा लिहिला."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," टॅम्सिन म्हणाली, पुन्हा त्याच आवाजात.

पण ऑरिन उठून उभा राहिला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तीस वर्षांत बाराशे वेळा आला असेल तसा एक समाधानी भाव होता.

"बाई, जिवंत माणसाचं अंग सोळा वर्षं पाव इंचानंही हलत नाही असं मी कधी पाहिलेलं नाही. मेलेल्याचंही नाही. आर्डिथ, तुझी मोठी कात्री घे. शवविच्छेदन करायचंय."

६

पुतळा कापडं कापायच्या टेबलावर पालथा घातला. ऑरिननं बाह्या सारल्या, सवयीनं घड्याळात बघून वेळ सांगितली आणि मानेपासून खाली कात्री चालवली.

वरचा थर नवा, लखलखीत. त्याच्याखाली दुसरा थर लागला. ती पट्टी मळकी होती, कडा सुकून वळल्या होत्या आणि डिंक जुन्या मधासारखा पिवळा होऊन दाणेदार झाला होता. बोट लावताच भुगा झाला.

"मार्चमधली पट्टी चार महिन्यांत अशी होत नाही," ऑरिन म्हणाला. "म्हातारं मढं आहे, वरून रंगरंगोटी केलेलं."

आर्डिथ पुढे झाली. जुन्या पट्ट्या छातीखालून फुलीसारख्या एकमेकींवर गेल्या होत्या आणि प्रत्येकीचं टोक दातांनी तोडलेलं होतं. अशी पट्टी सबंध तालुक्यात एकच बाई लावायची. आता तिचे पुढचे दात खोटे होते, म्हणून ती कात्री वापरायची.

"हे माझं काम आहे. पण आत्ताचं नाही."

आतला कापूस काढल्यावर टी-शर्ट दिसला. मार्चमध्ये आर्डिथनं बर्नडीनला आपल्या वारलेल्या नवऱ्याचा हिरवा टी-शर्ट दिला होता. हा पांढरा होता, छातीवर सोळा वर्षांपूर्वीच्या जत्रेचं साल. त्या वर्षी पाकू शाळेत शिकत होती आणि टॅम्सिन दुसऱ्या राज्यात होती.

"दर चार-पाच वर्षांनी नवा पुतळा करते मी," आर्डिथ म्हणाली. "जुना फेकते. हा एक मात्र बर्नडीननं मागून नेला होता. आठवण म्हणून."

ऑरिननं हात पुसले. "तुझा हात बरोबर, डोळे बरोबर, फीतही बरोबर. तू मापलंस ते अगदी अचूक मापलंस. फक्त अंग सोळा वर्षांपूर्वीचं होतं. बदलणाऱ्याकडे तो पुतळा हवा, किल्ली हवी, आणि अंगावर घालून बघायची वेळ टाळायचं कारण हवं. एवढं सगळं एकाच बाईकडे आहे. मी येऊ सोबत?"

"नको," आर्डिथ म्हणाली. "ती मेलेली नाही अजून."

७

बर्नडीन आणि तिचा नवरा लाइल यांच्या घरात शिरण्याआधीच कोबीचा वास आला. बर्नडीन मागच्या ओट्यावर वाडगा घेऊन बसली होती. आर्डिथनं पांढरा टी-शर्ट तिच्यासमोर टेबलावर पसरला.

बर्नडीननं चमचा खाली ठेवला. छातीवरच्या सालावरून तिनं बोट फिरवलं.

"खरा पुतळा गॅरेजमध्ये आहे. लाइलच्या मासेमारीच्या कोटाखाली."

"का गं?"

"जानेवारीच्या बैठकीत टॅम्सिन काय म्हणाली आठवतंय? मापांची पत्रकं सगळ्यांना संगणकावर दिसतील. आणि पुढं म्हणाली, यंदा ताजे चेहरे हवेत. बोलताना बघत होती पाकूकडे. मी त्रेपन्न वर्षांची आहे आर्डिथ. दिवसभर लोकांना दाताचा खड्डा किती मोठाय ते सांगते. वर्षातले सोळा दिवस माझ्यापुढं लोक गुडघे टेकतात. ते गेलं तर उरतं काय, दवाखाना आणि लाइल."

"म्हणून जुना पुतळा ठेवलास."

"वाटलं, जुलैपर्यंत उतरेन तेवढी. मग कुणाला कळलंही नसतं. तीन महिने कोबीचं पाणी पितेय. एक पौंड उतरला, तोही मला वाटतं पायांचा. लाइल आता जेवायला भावाकडे जातो."

आर्डिथला हसू आलं, पण तिनं ते येऊ दिलं नाही.

"तुझ्या घेराचं मला काही नाही, बर्नडीन. माझा स्वतःचा कुठं जागेवर आहे. पण मंगळवारी तू भिंतीकडं बघत माझे डोळे पुढं केलेस. तू माझ्या आईला ओळखत होतीस. परवापासून मी कॉफी चाखून बघतेय, मीठ तर नाही ना म्हणून."

बर्नडीनचा चेहरा हळूहळू उतरला. मग वाडगा उचलून तिनं त्यातला कोबी ओट्याखालच्या गवतात ओतला.

"तिला मी आत्ता फोन करते. टॅम्सिनला."

"फोन नको. फोनवर तू फार गोड बोलतेस." आर्डिथनं टी-शर्टची घडी घातली. "उद्या तपासणी आहे. चोळी मी रात्रीच्या जेवणाआधी सावरते. त्या काळच्या बायकांना काय पोटं सुटत नव्हती? बाळंतपणं होत नव्हती? पुढच्या फटीत कडक कापडाची त्रिकोणी पाटी बसवायच्या आणि नाडी वरून बांधायच्या. पाकूकडे जरीकामाची एक तयार आहे, ती देईल. चोळीचं होईल. माझं काय करायचं ते तू बघ."

८

शुक्रवारी दुपारी मोठ्या तंबूत चाळीस जण रांगेत उभे होते, कुणी सरदार, कुणी भिकारी, कुणी हातात तंगडी घेतलेला खाटीक. टॅम्सिन एकेकाचा घागरा उलटून बघत होती, यंत्राचा टाका दिसतो का, कुठं चेन लावली आहे का. लाल मखमलीत राणी आली. छातीवर पाकूची पाटी चमकत होती आणि ती मुळातच तिथं असायला हवी होती असं वाटत होतं.

"हे सुंदर झालंय," टॅम्सिन म्हणाली. "आर्डिथ, छान सावरलंत हं."

"पत्रक आण," बर्नडीन म्हणाली.

आवाज राणीचा होता, माळाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. टॅम्सिननं पत्रक दिलं. बर्नडीननं सव्वाएकतीसच्या आकड्यावर आडवी रेघ मारली.

"हे माप माझं आहे, पण सोळा वर्षांपूर्वीचं. आर्डिथ मॅडिसनला गेली असताना तिच्या घरातला पुतळा मी बदलला, आणि मंगळवारी तिच्या डोळ्यांना बोल लावला. त्या बाईनं काहीही चूक केलेली नाही. चूक मी केली, आणि वर खोटंही बोलले." तिनं चोळीची नाडी सोडली. "फीत आहे ना तुझ्याकडे, आर्डिथ? लाव."

खाटिकानं तंगडी खाली केली. आर्डिथ पुढं आली, गळ्यातली फीत काढून बर्नडीनच्या कंबरेभोवती घातली, दोन बोटं आत सरकवली, नीट जुळवली. बर्नडीननं पोट आत घेतलं नाही.

"कानात सांगू?" आर्डिथनं हळूच विचारलं.

"रांगेच्या टोकापर्यंत जाऊ दे."

"साडेचौतीस," आर्डिथ म्हणाली.

टॅम्सिननं पेन उचललं. क्षणभर तिची नजर फितीकडे गेली. मग ती आर्डिथच्या चेहऱ्याकडे आली, आणि फीत न तपासताच तिनं साडेचौतीस लिहिलं.

"पुढचं सांगा," ती म्हणाली. "छाती."